पादचारी म्हणजे पडद्यावरचा बाहुला नव्हे

रस्ता ओलांडणे ही एका माणसाची कृती नाही. ती दोन माणसांमधली बोलणी आहे. रायपूरच्या जी. ई. रोडवर, टाटीबंधकडून जयस्तंभ चौकाकडे येणाऱ्या वाहतुकीत, ही बोलणी दिवसभर चालू असतात. पादचारी एक पाऊल पुढे टाकतो आणि थांबतो, तळहात वर करतो, येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या नजरेकडे पाहतो. स्कूटरवाला वेग किंचित कमी करतो किंवा मुद्दाम वाढवतो. मागून येणारी ई-रिक्षा त्या दोघांच्या मधून वाट काढते. दोन-तीन सेकंदांत शब्दाविना प्रस्ताव मांडला जातो, नाकारला जातो, पुन्हा मांडला जातो. सौदा जमला तर माणूस पलीकडे पोहोचतो. फिसकटला तर वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते, आणि त्या बातमीत ‘रस्ता ओलांडत असताना’ हे शब्द अशा सुरात छापलेले असतात, जणू रस्ता ओलांडणे हाच गुन्हा होता.

या बोलण्यांचा अभ्यास आभासी सिम्युलेशनच्या साहाय्याने करता येतो आणि भारतात तसा अभ्यास सुरूही झाला आहे. मात्र असा अभ्यास होतो आहे, एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. तो कोणाला माणूस मानतो आणि कोणाला बाहुला, हा खरा प्रश्न आहे. ज्या प्रयोगात चालक जिवंत माणूस आहे आणि पादचारी संगणकाने हलवलेली आकृती आहे, त्या प्रयोगातून चालकाची प्रतिक्रिया कळते. दोघांचा परस्परव्यवहार कळत नाही. हा फरक शब्दच्छलाचा नाही. त्यावर माणसांचे प्राण अवलंबून आहेत.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. दिवसाला सरासरी ९०. म्हणजे रस्त्यावर मरण पावणाऱ्या पाच जणांपैकी जवळजवळ एक जण कोणत्याही वाहनात नव्हता. तो केवळ चालत होता. इतकी जीवितहानी करणारी घटना प्रयोगशाळेत समजून घेण्याचा मार्ग उपलब्ध असताना तो अर्धवट वापरणे हे वैज्ञानिक आळसाचे लक्षण आहे.

सिम्युलेशनची गरज का भासते, हे आधी स्पष्ट व्हावे. भौतिकशास्त्रात एखाद्या कणाचे वर्तन जाणून घ्यायचे तर तो दुसऱ्या कणावर आदळवता येतो. माणसाला गाडीसमोर ढकलून त्याचा प्रतिक्रियाकाल मोजता येत नाही. चौकात कॅमेरा लावून नोंदी घेता येतात आणि त्या घ्यायलाच हव्यात. पण कॅमेऱ्याला परिस्थिती बदलता येत नाही. तोच रस्ता, तोच पादचारी, तोच चालक ठेवून फक्त गाडीचा वेग ताशी दहा किलोमीटरने वाढवला तर काय होईल, किंवा फक्त दुभाजकाची रुंदी बदलली तर काय होईल, याचे उत्तर प्रत्यक्ष चौक देत नाही. आभासी चौक देतो. एकेक घटक वेगळा करून तपासणे हा विज्ञानाचा सर्वांत जुना आणि विश्वासार्ह मार्ग आहे, आणि येथे तो कोणालाही इजा न करता अवलंबता येतो.

या मार्गाने काय हाती लागते, याचे ठळक उदाहरण मुंबई आयआयटीतले आहे. पुष्पा चौधरी आणि नागेंद्र वेलगा यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात परवानाधारक चालकांना ड्रायव्हिंग सिम्युलेटरमध्ये बसवून त्यांच्यासमोर अचानक रस्ता ओलांडणारा पादचारी आणला. फोन न वापरणाऱ्या स्थितीच्या तुलनेत साध्या संभाषणात प्रतिक्रियाकाल ४० टक्क्यांनी वाढला, गुंतागुंतीच्या संभाषणात ९५ टक्क्यांनी, साधा संदेश टंकताना १३७ टक्क्यांनी आणि गुंतागुंतीचा संदेश टंकताना २०४ टक्क्यांनी. शेवटचा आकडा पुन्हा वाचावा: प्रतिक्रियाकाल तिप्पट झाला. ‘मी फोनवर बोलत असलो तरी लक्ष रस्त्यावरच असते’ ही सबब या एका मोजमापाने निकालात काढली. चालकाच्या लक्षाचे मोजमाप हा या प्रयोगाचा हेतू होता, आणि त्यासाठी पादचारी ठरावीक क्षणी, ठरावीक वेगाने समोर येणे आवश्यकच होते. येथे बाहुला वापरणे योग्य होते.

चूक तेव्हा घडते जेव्हा असा बाहुलाच ‘भारतीय पादचारी’ म्हणून स्वीकारला जातो. बाहुला मागे हटत नाही. तो हात दाखवत नाही. तो मध्येच थबकून अंदाज बदलत नाही. खऱ्या रस्त्यावरचा माणूस हे सारे करतो, आणि ते करतो म्हणूनच बहुतेक वेळा जिवंत राहतो.

याचा पुरावाही मुंबई आयआयटीतूनच मिळतो. दिग्विजय पवार आणि गोपाळ पाटील यांनी २०१५ मध्ये, दोन चौकांच्या मधोमध सिग्नल नसलेल्या ठिकाणी लोक रस्ता कसा ओलांडतात, हे चित्रफितींवरून तपासले. येणाऱ्या वाहनांमधल्या ११०७ फटींची त्यांनी नोंद केली. ज्या फटीला निम्मे लोक पाऊल टाकतात आणि निम्मे थांबतात, ती ४.१ ते ४.८ सेकंदांची आढळली. आता एक साधा हिशेब करावा. दोन मार्गिकांची रुंदी सुमारे ७ मीटर धरली आणि चालण्याचा वेग, रस्त्यांच्या रचनेत सामान्यतः धरतात तसा, सेकंदाला १.२ मीटर धरला, तर पलीकडे पोहोचायला ५.८ सेकंद लागतात. साडेचार सेकंदांच्या फटीत शिरणारा माणूस गणिताने पलीकडे पोहोचूच शकत नाही. तरीही माणसे रोज पोहोचतात. कशी? एक तर ती पावले झपाझप उचलतात, किंवा एक मार्गिका ओलांडून मध्येच थांबतात आणि पुढच्या फटीची वाट पाहतात, किंवा समोरचा चालक वेग कमी करील असे गृहीत धरतात. रघुराम कडाली आणि पी. वेदगिरी यांनी याच वर्तनाला ‘सरकती फट’ म्हणावे अशा संज्ञेत पकडले आहे: पादचारी संपूर्ण रस्ता मोकळा होण्याची वाट न पाहता छोट्या छोट्या फटींमधून तिरका सरकत जातो.

हे वर्तन बेशिस्त आहे, असे म्हणणे सोपे आहे. पण ज्या रस्त्यावर कोणीच थांबत नाही, तेथे पूर्ण मोकळ्या रस्त्याची वाट पाहणारा माणूस संध्याकाळपर्यंत त्याच कडेला उभा राहील. सरकती फट हा त्याच्या अज्ञानाचा पुरावा नाही. रस्त्याने त्याच्यावर लादलेल्या अटींचा तो हिशेबी प्रतिसाद आहे. सिम्युलेशनमध्ये हा हिशेब करणारी बुद्धी नसेल, तर सिम्युलेशनमध्ये भारतीय पादचारी नाहीच.

दुसऱ्या बाजूलाही तेवढेच कठोर गणित आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर कापते. चालकाला प्रतिक्रिया द्यायला एक सेकंद लागला आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेकने दर सेकंदाला ७ मीटर प्रतिसेकंद इतका वेग कमी झाला, तर गाडी सुमारे २८ मीटरवर पूर्ण थांबते. तीच गाडी, तोच चालक, तोच ब्रेक. फक्त वेग ताशी ६० किलोमीटर. पहिली गाडी ज्या बिंदूवर शांतपणे उभी राहते, त्याच बिंदूवर दुसरी गाडी अजून ताशी ४० किलोमीटर वेगाने धावत असते. चालकाच्या दृष्टीने हा दहाचा फरक किरकोळ आहे. समोर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने तो हाडे शाबूत राहणे आणि मोडणे यांतला फरक आहे. पादचाऱ्याला मात्र हा फरक डोळ्यांनी ओळखणे कठीण जाते, कारण थेट आपल्याकडे येणाऱ्या वस्तूचा वेग आपण तिचा आकार डोळ्यात किती झपाट्याने वाढतो यावरून ताडतो, आणि दूर असताना ती वाढ अतिशय मंद भासते. ब्रिटनमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले की गाडीचा वेग वाढत गेला की प्राथमिक शाळेतील मुलांना ही वाढ भरवशाने ओळखता येत नाही. ‘मुलांनी नीट बघून रस्ता ओलांडावा’ हा उपदेश येथे डोळ्यांच्या मर्यादेवर येऊन आपटतो.

दोन्ही बाजूंची ही गणिते एकमेकांत गुंतलेली आहेत. म्हणून दोन्ही बाजूंना माणूसच हवा. म्यूनिकच्या तांत्रिक विद्यापीठात ड्रायव्हिंग सिम्युलेटर आणि पादचारी सिम्युलेटर एकमेकांना जोडून असे प्रयोग झाले आहेत: चालक एका खोलीत चाक धरून बसतो, पादचारी दुसऱ्या खोलीत प्रत्यक्ष पावले टाकतो, आणि दोघे एकाच आभासी रस्त्यावर भेटतात. लीड्स विद्यापीठात पादचाऱ्यांसाठी ९ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद अशी प्रयोगशाळा आहे; तिच्यात माणूस भिंतींवर आणि जमिनीवर प्रक्षेपित केलेल्या रस्त्यावरून खरोखर चालत जातो. तेथे एकाची चूक दुसऱ्याला दिसते, आणि दुसऱ्याचा संकोच पहिल्याला. परस्परव्यवहार म्हणतात तो हा.

पादचाऱ्याची कल्पनाच तोकडी ठेवली तर काय होते, हे अमेरिकेने १८ मार्च २०१८ रोजी पाहिले. ॲरिझोनातील टेम्पी येथे रात्री एक महिला सायकल हातात धरून, झेब्रा क्रॉसिंग नसलेल्या ठिकाणी रस्ता ओलांडत होती. उबर कंपनीच्या चाचणीतील स्वयंचलित गाडीची तिला धडक बसली आणि ती मरण पावली. गाडीतील देखरेख करणाऱ्या व्यक्तीचे लक्ष फोनकडे होते. परंतु तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासाने आणखी एक गोष्ट उघड केली. गाडीच्या यंत्रणेला धडकेच्या ५.६ सेकंद आधी समोर काहीतरी असल्याचे कळले होते. ते वाहन आहे, सायकल आहे की आणखी काही, याबद्दल ती मत बदलत राहिली, कारण क्रॉसिंग सोडून इतरत्र रस्ता ओलांडणारा पादचारी असू शकतो, ही शक्यताच तिच्या रचनेत धरलेली नव्हती. ज्या माणसाला नमुन्यात जागा नाही, त्याला रस्त्यावरही जागा मिळत नाही. टेम्पीत जो अपवाद होता तो रायपूर, नागपूर, अकोला, धुळे या शहरांत नियम आहे.

या मागणीवर तीन आक्षेप ठरलेले असतात. पहिला: प्रयोगशाळेत जिवाची भीती नसते, म्हणून तेथील वर्तन खोटे. आक्षेप गंभीर आहे, पण तो तपासून पाहिला गेला आहे. अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम शाखेत डेव्हिड श्वेबेल आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १०२ मुले आणि ७४ प्रौढ यांचे आभासी रस्त्यावरील आणि खऱ्या रस्त्यावरील वर्तन ताडून पाहिले. दोहोंमध्ये संगती आढळली. आभासी जगात अंतरे काहीशी कमी भासतात, काहींना मळमळते, हेही खरे आहे. म्हणून तेथे मिळालेला प्रत्येक सेकंद जसाच्या तसा रस्त्यावर लागू करू नये. पण दोन रचनांपैकी कोणती अधिक सुरक्षित, वेग वाढवल्याने निर्णय कोणत्या दिशेने बिघडतो, अशा तुलनात्मक प्रश्नांची उत्तरे त्यातून घेता येतात, आणि ती चौकातल्या चित्रफितींशी पडताळूनही पाहता येतात.

दुसरा आक्षेप खर्चाचा. मोठे फिरते सिम्युलेटर महाग असतात, यात शंका नाही. पण कार्ला हा मुक्त स्रोत ड्रायव्हिंग सिम्युलेटर २०१७ पासून कोणालाही विनामूल्य उपलब्ध आहे, वाहतूक प्रवाहासाठी जर्मनीत विकसित झालेला सुमो त्याहून जुना आहे, आणि आभासी वास्तवाचे चष्मे आता महाविद्यालयांच्या आवाक्यात आहेत. दोन चष्मे, दोन संगणक आणि चार जिद्दी विद्यार्थी एवढ्यावर एक प्राथमिक जोड-सिम्युलेटर उभा राहू शकतो. पैशाची अडचण सांगितली जाते. अडचण प्राधान्याची आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत लोकप्रिय: आधी लोकांना शिस्त लावा, मग संशोधन करा. दिल्ली आयआयटीतील दिवंगत दिनेश मोहन यांनी आयुष्यभर याचाच प्रतिवाद केला: रस्त्यावरची सुरक्षितता उपदेशाने येत नाही, रचनेने येते. माणूस चुकणार, हे गृहीत धरून जो रस्ता बांधला जातो तोच चांगला रस्ता. साडेचार सेकंदांची फट देणाऱ्या रस्त्यावर पावणेसहा सेकंद लागणाऱ्या माणसाकडून शिस्तीची अपेक्षा ठेवणे हे नीतिशास्त्र नव्हे. ते साधे अंकगणित न येण्याचे लक्षण आहे.

रायपूरला याची जिवंत खूण आहे. शास्त्री चौकाच्या परिसरात पादचाऱ्यांसाठी स्कायवॉकचे काम २०१७ मध्ये सुरू झाले. २०१८ च्या अखेरच्या सत्तांतरानंतर ते थांबले, आणि लोखंडी सांगाडा कित्येक वर्षे भर वस्तीत रस्त्यावर तसाच उभा राहिला. २०२५ मध्ये ते काम पुन्हा हाती घेण्यात आले. सार्वजनिक वाद झाला तो मुख्यतः पैशाचा आणि पक्षांचा. त्या वादात दडून राहिलेला प्रश्न मात्र शुद्ध वर्तनाचा आहे: रुग्णालयात जाणारी वृद्ध बाई, कचेरीत कागद घेऊन धावणारा माणूस, डोक्यावर ओझे असलेला मजूर, यांपैकी कोण जिने चढेल आणि कोण खालूनच सरकत्या फटीत शिरेल? मुंबईत २००८ मध्ये वांद्र्याला पहिला स्कायवॉक झाला, त्याला आता बराच काळ लोटला. हा प्रश्न तेव्हाही होता. पोलादाचा पहिला खांब रोवण्याआधी आभासी चौकात शंभर माणसे चालवून पाहता येतात. एकदा खांब रोवला की मग माणसांनाच त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते.

आणि हे तपासण्याची साधने दूर नाहीत. रायपूरची राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था, १९५६ साली खाणकाम आणि धातुशास्त्राचे महाविद्यालय म्हणून पायाभरणी झालेली, त्याच जी. ई. रोडवर उभी आहे. भिलाईची आयआयटी आणि नवा रायपूरची ट्रिपल आयटी जवळच आहेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण अशाच स्थितीसाठी असावी. पश्चिमेला राष्ट्रीय महामार्ग ५३ ने निघाले की भंडारा आणि नागपूर लागते. तेथे २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘आय-रास्ते’ प्रकल्पात महापालिकेच्या बसगाड्यांवर धडकेची पूर्वसूचना देणारी यंत्रणा बसवली गेली आणि अपघात होण्याआधीच धोक्याच्या जागा ओळखण्याचा प्रयत्न झाला. ते काम मोलाचे आहे. पण बसवरचा कॅमेराही रस्ता चालकाच्याच बाजूने पाहतो. काचेपलीकडच्या माणसाला बस कशी दिसली, ती थांबेल असे त्याला कशावरून वाटले, हे तो कॅमेरा सांगू शकत नाही. ती अर्धी बाजू आभासी चौकातच भरून काढता येते.

म्हणून आग्रह चार गोष्टींचा आहे. चालक-पादचारी परस्परव्यवहाराचा अभ्यास म्हणून जे काही मांडले जाईल, त्यात दोन्ही टोकांना जिवंत माणूस असावा. आभासी रस्ता युरोपातून आयात केलेला नसावा. त्यात ई-रिक्षा, उलट दिशेने येणारी दुचाकी आणि पदपथावर थाटलेले दुकान असावे. प्रयोगाला बसणारी माणसे केवळ अभियांत्रिकीचे तरुण विद्यार्थी नसावीत. ज्यांची पावले मंद आहेत आणि ज्यांची नजर अधू आहे, त्यांच्यावाचून काढलेली सरासरी ही अर्धसत्याची सरासरी असते. आणि निष्कर्ष, फसलेल्या प्रयोगांसकट, नगररचनाकारांच्या टेबलावर बांधकामाच्या आधी पोहोचावेत.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्याचा पदपथावरचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. कायद्याने त्याला माणूस म्हटले आहे. भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र, स्थापत्य, मानसशास्त्र शिकणाऱ्यांनी आता आपल्या प्रयोगांतही त्याला माणूस म्हणून उभे करावे. प्रकल्पाचा विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या महाविद्यालयासमोरचा रस्ता एक तास मोजावा: किती फटी, किती सेकंदांच्या, आणि कोण त्यांत शिरले. उरलेला प्रबंध तो तक्ता स्वतःच मागून घेईल.